रविवार. सायंकाळी पाच. टँकर. सर्व.

आमच्या घरमालकांना क्रियापदाचं वावडं होतं. बोलायला माणूस मोकळा, पण हातात खडू किंवा पेन्सिल आली की वाक्याचं शेपूट कापून टाकायचा. मी मराठी शिकवणारी. क्रियापद गाळलेल्या वाक्यांखाली लाल रेघा ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली. आमची गाठ देवानं मुद्दामच घातली असावी.

गेवराईच्या शाळेत बदली झाली तेव्हा आमची लेक चिऊ कडेवर होती, जेमतेम दहा महिन्यांची. नवरा बीडला नोकरीला, तो रविवारपुरता येणार. खोली शोधत मी गावाच्या कडेच्या एका गल्लीत पोचले. घरमालकांनी आम्हा दोघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं, आत गेले आणि एक कागद घेऊन आले. 'खोली. एक. मोरी. सामाईक. पाणी. टँकर.' एवढाच मजकूर, खाली सही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"करारनामा."

"यात क्रियापद कुठंय?"

"ते कशाला लागतंय, बाई? खोली हाय ती दिसायलीच की तुमाला."

मी निमूट सही केली. चिऊ तोवर त्यांच्या कडेवर गेली होती.

गल्ली त्यांना 'पॅनमन' म्हणायची. हे आडनाव नव्हे, हुद्दा. सहकारी साखर कारखान्यात रस आटवून साखर होते त्या मोठ्या बंद भांड्याला पॅन म्हणतात, आणि त्यापाशी उभं राहून साखरेचा दाणा नेमका कधी धरतो ते ओळखणारा तो पॅनमन. भांड्याला एक काचेचं भोक असतं. त्यातून बघायचं, मधूनमधून थेंबभर पाक काढून अंगठ्या-बोटात चोळायचा, आणि दर तासाला वहीत नोंद करायची. वहीतले रकाने बोटभर रुंदीचे. तिथं क्रियापदाला जागाच नसते, असं त्यांचं म्हणणं. पस्तीस वर्षं त्या रकान्यांत लिहून त्यांचा हातच तसा वळला होता.

मग ओळीनं तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली. ऊस गेला, चरकाकडं ऊस नेणाऱ्या गव्हाणीत मोळी पडायची थांबली, आणि कारखान्याला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी कुणी खुर्ची उचलली, कुणी पंखा. यांनी पाळ्यांची नावं लिहायचा काळा बोर्ड भंगारात जाताना पाहिला आणि तो सायकलला बांधून घरी आणला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि बोर्ड.

कारखाना सुटला तरी पाळ्या सुटल्या नाहीत. एक आठवडा ते पहिल्या पाळीत जागे, दुसरा आठवडा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात घरमालक दिवसभर घोरायचे आणि आपण अंगणात चपलाही हातात घेऊन चालायचं. "अहो, आता कोण बोलावतंय तुम्हाला?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "उद्या भोंगा वाजला तर? सवय मोडली तर परत लागत न्हाई, बाई."

चहा बिनसाखरेचा. "साखर लई बघितली," एवढंच कारण. पण बोटं गप्प बसायची नाहीत. भाजीवालीची कोथिंबीर, माझ्या साडीचा पदर, चिऊचं जावळ, सगळं अंगठ्या-बोटात चोळून बघायचे. कुठलंही काम निघालं की विचारायचे, "दाणा धरला का?" गल्लीत कुणाचं लग्न जमत असलं तरी हेच, माझी बदलीची फाईल असली तरी हेच. स्वयंपाकघराच्या दाराला त्यांनी भोक पाडून काच बसवली होती. त्यातून ते आधी दूध उतू जातंय का ते बघायचे. चिऊ आल्यावर चिऊ काय करतेय ते बघायला लागले. मी शाळेत असताना ती त्यांच्याकडे किंवा समोरच्या गोदामावशींकडे असायची. गोदामावशींचा मुलगा आणि सून ऊस तोडायला दूर गेलेले, त्यामुळे त्यांचेही हात रिकामेच. चिऊ या समोरासमोरच्या दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर मोठी झाली, असं म्हटलं तरी चालेल.

तो बोर्ड गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्याच भिंतीवर टांगलेला होता. त्याच्या आधीची गोष्ट मी ऐकलेली. टँकर यायचा तेव्हा गल्लीत पानिपत व्हायचं. पाइप ज्याच्या हातात त्याचं राज्य. एकदा भांडणात एका लेकुरवाळीच्या कपाळावर कळशी बसली आणि पाच टाके पडले. त्या दिवसापासून यांनी बोर्ड लावला. घरागणिक नंबर पाडले. टँकर कधी येणार याची चौकशी करायचे आणि लिहायचे : 'बुधवार. सकाळी आठ. टँकर. एक ते वीस.' उरलेल्यांचा पुढच्या खेपेला पहिला नंबर. स्वतःचा नंबर शेवटचा. टँकर आला की एकेक नंबर पुकारायचे, आणि नंबर पुकारल्याशिवाय कुणी हंडा पुढे सरकवायचा नाही. कुठल्याही वेळी टँकर येवो, पॅनमन कुठल्या तरी पाळीत जागेच. दीड वर्षात बोर्ड एकदाही खोटा ठरला नव्हता. टँकरचा ड्रायव्हर एकदा म्हणाला होता, "उद्या न्हाई जमायचं." तर गोदामावशींनी त्यालाच झापलं, "बोर्डावर लिवलंय, तू कोण न्हाई म्हणणारा?" आणि तो दुसऱ्या दिवशी आला.

गल्लीला शिस्त लागली, आणि कारखाना बंद पडलेल्या माणसाला एक काम लागलं. दुसरं त्यांच्यापाशी काही नव्हतं. बोर्ड गेला असता तर त्यांनी कुठल्या पाळीत जागं व्हायचं, हा प्रश्नच होता.

बोर्डावर ते खोडत नसत. एकदा त्यांनी 'सोमवर' लिहिलं म्हणून मी सवयीनं पदरानं पुसायला गेले, तर हात आडवा आला. "खोडायचं न्हाई, बाई. लॉगबुकात खोडलं की समदी साखर खोटी. चुकलं तर चुकलेलं तसंच ठिवायचं, खाली लिवायचं, चूक कुणाची ते लिवायचं, अन सही करायची." मग त्यांनी 'सोमवर'च्या खाली 'चूक. काना. माझी.' असं लिहिलं आणि सही केली. मला हसू आवरेना. माझ्या वर्गात हा नियम लावला असता तर वह्या पुरल्या नसत्या.

आता वाढदिवसाकडे येते.

चिऊ दोन वर्षांची होणार होती. शाळेतल्या एका मैत्रिणीनं तिच्या भाच्याच्या वाढदिवसाचे फोटो मोबाइलवर दाखवले होते. सगळीकडे माकडं. केकवर माकड, टोपीवर माकड, वाटीत केळी. "थीम आहे," ती म्हणाली. मला ते फार आवडलं. आपल्याही लेकीचं काहीतरी असं करावं, फुलपाखरं किंवा चांदोबा, असं मी संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं बोलले.

"थीम म्हंजी?" घरमालकांनी विचारलं.

"एक विषय धरायचा आणि सगळं त्याचंच करायचं."

"मग फुलपाखरू कावून? तिनं बघितलंय का कधी फुलपाखरू?"

खरंच होतं. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत फूल नव्हतं, फुलपाखरू कुठून येणार?

"बाळाचा विषय टँकर हाय," ते म्हणाले. "दुसरा कुठला?"

हेही खरंच होतं. आमची पोर 'आई' म्हणायच्या आधी 'टँकल' म्हणाली होती. हॉर्न ऐकू आला की जिथं असेल तिथून धावायची. नारायणगडाच्या जत्रेतून घरमालकांनी तिला एक लुटुपुटूची पितळी कळशी आणली होती. ती कमरेवर घेऊन ती रांगेत उभी राहायची आणि आपल्या लाडक्या बाबाचा, म्हणजे घरमालकांचा, आवाज यायची वाट बघायची. चांदोबापेक्षा टँकर तिच्या जवळचा होता. मला आधी जरा वाईट वाटलं, मग म्हटलं, असू दे. ज्याचं त्याचं बाळपण.

तयारी आठ दिवस चालली. मी पदार्थ ठरवले ते पाणी लागणार नाही असे. केक रव्याचा, दूध-दह्यात भिजवलेला, कुकरमध्ये मिठावर भाजलेला. भडंग. चकल्या, कारण चकली म्हणजे आयतंच चाक. वाढायला पळसाच्या पत्रावळी, म्हणजे विसळायला काही नको. जुन्या वर्तमानपत्रांचे हंडे आणि कळश्या कापून मी दोऱ्यात ओवल्या, त्यांच्या पताका झाल्या. निळे फुगे म्हणजे थेंब. टँकर मात्र घरमालकांनी कुणाला हात लावू दिला नाही.

ते साखरेचा टँकर करणार होते. तीन वर्षांनी त्यांच्या हाताला साखर लागणार होती. आदल्या दिवशी त्यांनी कारखान्याचा खाकी शर्ट घातला, चूल पेटवली, आणि कढईसमोर उभे राहिले तेव्हा माणूसच बदलला. पाठ ताठ, डोळे बारीक. साखरेत पाणी घातलं ते अर्धा तांब्या. त्यासाठी तीन दिवस त्यांनी अंघोळ केली नव्हती, हे मला माहीत होतं, कारण मोरी सामाईक होती. पाक तारेवर आला तसा त्यांनी थेंब घेऊन अंगठ्या-बोटात चोळला, उजेडात धरला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दाणा धरला."

पाण्याचा जाड पाइप उभा चिरून त्याचे दोन साचे केले होते, आतून तूप लावलेले. पाक घोटून पांढरा झाला की साच्यात ओतायचा, कडेनं घट्ट झाला की मधला उरलेला परत कढईत. असे दोन पोकळ अर्धे भाग तयार झाले. ते जोडून टाकी झाली, पाडव्याच्या गाठीसारखी पांढरीशुभ्र, हातभर लांब. पुढं गुळाच्या ढेपेचं ड्रायव्हरचं केबिन, खाली सहा चकल्यांची चाकं. उरलेल्या पाकात फुटाणे परतून साखरफुटाणे केले आणि ते टाकीत भरले. मागं भोक, भोकाला मक्याच्या कणसाचा बूच. बूच काढला की फुटाणे खळाळत यायचे. मी आयुष्यात इतकी सुंदर वस्तू जवळून पाहिली नव्हती, आणि तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बुचाचा वॉल जरा ढिला हाय."

"गल्लीला तुम्हीच सांगा," मी तयारी सुरू झाली तेव्हाच म्हणाले होते. "मला शाळा आहे."

"सांगतो की."

आणि त्यांनी सांगितलं. आपल्या पद्धतीनं, आपल्या बोर्डावर. 'रविवार. सायंकाळी पाच. टँकर. सर्व.'

मी तो बोर्ड शाळेत जाताना वाचला होता. वाचून पुढं गेले. मला ठाऊक होतं की टँकर म्हणजे साखरेचा आणि सर्व म्हणजे सगळे पाहुणे. ज्याला आधीच माहीत असतं त्याला अर्धं वाक्यही पुरं वाटतं. मराठीची बाई, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

त्या वेळी खरा टँकर येऊन नऊ दिवस झाले होते. हायवेवरच्या धाब्याच्या बोअरवरून लोक घागरी वाहत होते, तोही बोअर गुळण्या टाकायला लागला होता. आणि बोर्डावर 'एक ते वीस' नाही, 'एकवीस ते चाळीस' नाही. 'सर्व.' असं कधीच लिहून आलं नव्हतं. मोठा टँकर येणार, समद्यांना मिळणार, अशी बातमी गल्लीत फिरली. घरमालक आणि मी घरात पताका लावत होतो, आम्हाला काही कळलं नाही.

रविवारी पावणेपाचला बाहेर भांड्यांचा आवाज सुरू झाला. मला वाटलं, पाहुणे लवकर आले. नवऱ्यानं दार उघडलं. दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग. हंडे, कळश्या, तेलाचे डबे, कुणी तर कपाटाचा खण काढून आणलेला. सगळ्यात पुढे गोदामावशी, दोन हंडे घेऊन.

"टँकर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

घरमालक इस्त्रीच्या खाकी शर्टात पुढं झाले. चेहरा उजळलेला. "आत हाय. या, या. समदे या."

"आत? आत कसा मावला?"

"टेबलावर हाय. दाणा बघा कसा धरलाय."

गोदामावशी आत डोकावल्या. मागच्या बायका त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या. निळे फुगे, कागदाचे हंडे, आणि मधोमध टेबलावर तो पांढरा टँकर. मग मागून एक तरणा आवाज आला, "काय बे पॅनमन, थट्टा करायलास का गरिबाची?"

"नऊ दिस झाले," गोदामावशी म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. "नऊ दिस. अन तू घरात साखर उकळायलास? साखर उकळायला पाणी हाय तुझ्याकडं?"

मी म्हणाले, "मावशी, ते त्यांच्या अंघोळीचं–" पण माझं कुणी ऐकलं नाही. घरमालकांना अजून काही उमगलं नव्हतं. ते एकेकीच्या तोंडाकडं बघत होते. मग रांगेच्या कडेनं ते बाहेर गेले, बोर्डासमोर उभे राहिले, आणि आपण लिहिलेलं त्यांनी वाचलं. त्यांना स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वाचताना उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, तिथं पाक असावा तसा.

खिशातून खडू काढून त्यांनी त्या ओळीच्या खाली लिहिलं, 'चूक. माझी.' आणि सही केली.

मग परत येऊन त्यांनी तो खडू गोदामावशींच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"चार्ज," ते म्हणाले. "बोर्ड खोटा झाला. आता माझं कोण ऐकंल? तुमी बघा इथून पुढं."

गोदामावशी खडूकडं बघत राहिल्या. रागावलेलं माणूस हातात काही दिलं की गोंधळतं. मागची रांग हलायला लागली होती, हंड्यावर हंडा आदळायला लागला होता, कुणीतरी कुणाला तरी ढकललं. ते पाच टाके मला आठवले. रांगेला आता धरून ठेवणारं कुणी नव्हतं, आणि जो धरायचा तो भिंतीला टेकून खाली बघत होता.

एवढ्यात आमच्या कन्यारत्नानं आपली पितळी कळशी शोधून काढली. तिच्या दृष्टीनं सगळं अगदी रीतसर होतं. टँकर आहे, बाया आहेत, हंडे आहेत, आरडाओरडा आहे. फक्त एक गोष्ट व्हायची राहिली होती. ती टेबलाजवळ गेली, बुचाच्या खाली कळशी धरली, आणि घरमालकांकडं वळून जोरात ओरडली,

"बाबा, लंबल!"

पस्तीस वर्षांची सवय होती. हाक आली की माणूस कामाला लागायचा. त्यांनी मान वर केली, टेबलाशी आले, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "नंबर एक."

बूच निघाला. चार फुटाणे टणटण करत कळशीत पडले. चिऊनं आत बघितलं, कळशी कमरेवर घेतली, आणि भरलेला हंडा घेतलेली बाई जशी बाजूला होते तशी बाजूला झाली. मागच्यासाठी जागा करून.

गोदामावशींच्या तोंडातून एक आवाज आला. आधी मला वाटलं, रडल्या. पण त्या हसत होत्या, आणि हसू येतंय म्हणून त्यांना आणखी राग येत होता. त्यांनी आपला मोठा हंडा टेबलाखाली धरला. "दोन नंबर माझा हाय. व्हय का न्हाई?"

"नंबर दोन," घरमालक म्हणाले.

रिकाम्या हंड्यात फुटाणे पडले. नऊ दिवस कोरड्या असलेल्या भांड्यात काहीतरी पडल्याचा तो आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला, आणि रांग गप्प झाली.

मग त्यांनी एकेक नंबर पुकारला. कुणी ढकललं नाही. 'थट्टा' म्हणणारा तरणाही आपल्या नंबराला पुढं आला, आणि खाली बघत त्यानं डबा धरला. सव्विसाव्या नंबरला फुटाणे संपले. पुढच्यांना केक दिला, मग भडंग, मग टँकरची चाकं, मग गुळाचं केबिन. अडतिसाव्या नंबरला टेबलावर काही उरलं नाही, फक्त ती पांढरी टाकी. माझा नवरा म्हणाला, "राहू द्या हो काका, झालं आता. फोटो तरी काढू." घरमालकांनी बत्ता मागितला.

"बोर्डावर 'सर्व' लिवलंय," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं टँकर फोडला. पाच-सहा घरं उरली होती, त्यांना टाकीचे तुकडे दिले. स्वतःचा शेवटचा नंबर आला तेव्हा टेबलावर चुरा होता. तो त्यांनी बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि तोंडात टाकला. त्यांना साखर खाताना मी तेवढंच पाहिलं. चिऊ रडली नाही. टँकर रिकामा होतो आणि जातो, हे तिला ठाऊक होतं.

जाताना गोदामावशींनी खडू परत केला. "मला कुठं लिवता येतंय? तूच लिव. पर इथून पुढं पुरं लिव, बाबा. आमाला अर्धं कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी बोर्डापाशी थबकले. वर ती चुकीची ओळ होती, खाली 'चूक. माझी.' होतं, आणि त्याच्या खाली, दाटीवाटीनं : 'टँकर कधी येईल ते मला माहीत नाही. आला की मी आवाज देईन.' चक्क दोन वाक्यं, क्रियापदांसकट. त्याखाली ओढायला माझ्याकडं लाल रेघ नव्हती. टँकर मंगळवारी आला आणि त्यांनी आवाज दिला. चुकीची ओळ मात्र त्यांनी दुष्काळ सरेपर्यंत पुसू दिली नाही. बोर्डाच्या उरलेल्या अर्ध्या भागात कारभार चालायचा.

पुढच्या वर्षी माझी बीडला बदली झाली. टेम्पो भरला. चिऊ तेव्हा त्यांच्या कडेवर मावत नव्हती, तरी त्यांनी तिला उचलून केबिनमध्ये बसवलं. तिच्या कळशीत मूठभर साखरफुटाणे टाकले, आणि टेम्पो सुरू व्हायच्या आत बोर्डापाशी गेले. भावना दाटली की हा माणूस नोंद करायचा. त्यांनी लिहिलं, 'बाळ. गेलं.'

"काय लिवलंय?" गोदामावशींनी मला विचारलं. मी वाचून दाखवलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरं मुडद्या, असं लिवत्यात व्हय लेकराचं? जिभंला हाड न्हाई ते न्हाई, खडूला बी न्हाई! पूस आधी!"

घरमालक दचकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक नोंद खोडली, तीही तळहातानं, घाईघाईनं, वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत. मग सावकाश लिहिलं, 'बाळ बीडला गेलं आहे. परत येणार आहे.' लिहून माझ्याकडं बघितलं, विद्यार्थी बाईंकडं बघतो तसं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "दाणा धरला."

"येताल ना, बाई?"

"येणार म्हणजे काय? बोर्डावर लिहिलंय."

बीड ते गेवराई एसटीनं तासाभराचा रस्ता. सांगायला मला लाज वाटते, पण आम्ही गेलो नाही. आधी नवी शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग चिऊचे क्लास. दर पाडव्याला गाठी घेताना म्हणायचे, या सुट्टीत नक्की. अशी अकरा वर्षं गेली.

परवा बीडच्या बस स्टँडवर एक म्हातारी माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं माझं तोंड निरखलं. गोदामावशी. गुडघ्याच्या औषधाला आल्या होत्या. आम्ही बाकावर बसलो. पाइपलाइन झाली, घरोघर नळ आलाय, हे सांगितलं. कारखान्याचा भोंगा काही वाजला नाही, हे सांगितलं. मग पॅनमन गेल्याचं सांगितलं. दोन वर्षं झाली. पहिल्या पाळीत होते म्हणे, पहाटे उठून तोंड धुतलं आणि ओट्यावर बसले ते बसलेच.

"आणि बोर्ड?" मी विचारलं.

"हाय की. नळ आल्यावर कुणाला कामाचा? पर त्यानं काढू दिला न्हाई. ती तुमची ओळ हाय त्याच्यावर. पुसट झाली की गिरवायचा, शाळंतल्या पोरावानी. दर एकादशीला. गिरवताना मोठ्यांदी म्हणायचा, तर माझ्या बी ध्यानात ऱ्हायली. मला एक अक्षर येत न्हाई, बाई, पर तेवढी एक ओळ मी वाचती." आणि खरंच, बसच्या पाठीकडं बघत, जणू तिथंच लिहिलंय, त्यांनी वाचली. "बाळ बीडला गेलं आहे. परत येणार आहे."

मीही त्या बसच्या पाठीकडं बघितलं.

"लोक म्हणायचे, पॅनमन, कोण येतंय आता? तर म्हणायचा, बोर्डावर हाय म्हंजी येणार. माझा बोर्ड एकदाच खोटा झालाय." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. दटावलं नाही, नुसतं विचारलं, "कावून आली न्हाईस गं?"

बस लागली. मी त्यांना चढवून दिलं आणि घरी आले. चिऊ अभ्यास करत होती. तिला तो टँकर आठवत नाही, ती रांग आठवत नाही. कळशी तेवढी आहे, तिच्या टेबलावर, पेनं ठेवायला. मी सगळं तिला सांगितलं, आणि मग हे लिहायला बसले. इतकी वर्षं मुलांना पुरी वाक्यं लिहायला शिकवली, पण त्यांच्या त्या ओळीखाली जी नोंद करायची आहे तिला क्रियापद सापडत नाही.

चूक. माझी.